ताप उतरला

"उतरला!" सासू म्हणाली आणि तिने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. हॉस्पिटलातल्या सलाईनच्या हॉलमधल्या चार-पाच आयांनी माना वळवल्या. त्यांच्या डोळ्यांत कौतुक वगैरे नव्हतं, सरळ हेवा होता, कारण त्यांच्या मांडीवरची पोरं अजून तापाने फणफणलेली होती. यूछिनने रजईत हात घातला. मीमीची पाठ ओली होती. नुसती ओली नाही, गार. हात आधी खूश झाला. चार दिवस त्या हाताला भाजण्याशिवाय दुसरं काही कळलं नव्हतं, भात धुताना, दार उघडताना, दुकानात खोके लावतानासुद्धा तळव्यात पोरीच्या कपाळाची धग बसलेली असायची. म्हणून आधी तो खूश झाला, आणि मग तोच हात घाबरला. डोकं अजून मागून येत होतं. तिने हात बाहेर काढला, पँटला पुसला, परत आत घातला. पाठ, काख, पोट. पोट गार होतं. पोरीचं पोट गार कधी लागलं होतं, हे ती आठवायला लागली आणि तिला एकदाही आठवेना. "झोपू दे तिला," सासू म्हणाली, "घाम आला म्हणजे आतलं बाहेर पडलं. माझ्या लेइलासुद्धा लहानपणी असंच व्हायचं. रजई उघडी टाकू नकोस, वारा लागेल." आणि तिने रजईची कडा मीमीच्या मानेखाली अशी खोचली, की पोरीचं डोकं तेवढं वाफवलेल्या पावासारखं बाहेर राहिलं. पांढरं. ओठही पांढरेच. हॉलभर लोखंडी आकड्यांना बाटल्या लटकत होत्या, त्यांच्याखाली शाळेतली मोठी पोरं सुई टोचलेला हात बाजूला ठेवून दुसऱ्या हाताने गृहपाठ करत होती, कोणीतरी लसणीच्या पातीचं सारण भरलेला पाव खात होतं आणि तो वास जंतुनाशकाच्या वासात मिसळून सगळ्यांच्या कपड्यांत मुरत होता. ह्या सगळ्यात तिची पोर एकटी गार पडली होती आणि तिची सासू आनंदाने नाक शिंकरत होती.

न्यूमोनिया. ह्या वर्षी झंगचौमधल्या प्रत्येक बालवाडीत तो होता, निम्म्या बाकांवर पोरं नव्हती. फोटोत फुप्फुसाच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढरा डाग, कोणी ओला बोळा दाबून ठेवावा तसा. डॉक्टर शिंगबाईंनी तो बोटाने दाखवला होता आणि त्याच दमात सगळं सांगितलं होतं: तीन दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक, मग खंड, नाकावर वाफेचा मुखवटा, पाठीवर मोहरीचा लेप, आणि खालच्या मजल्यावरून काढ्याच्या तपकिरी पिशव्या, गरम पाण्यात धरून कोमट करून, दिवसातून दोनदा. ह्या विभागाच्या दारावरच लिहिलेलं होतं, चिनी आणि पाश्चात्त्य दोन्ही उपचार. शिंगबाई नाडी बघायच्या, जीभ बघायच्या आणि लगेच गळ्यातली नळी छातीला लावायच्या, ह्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. यूछिनलाही नाही. वाटणार कसं? ती दिवसभर तेच करत होती. फक्त शिंगबाईंनी त्यासाठी आठ वर्षं घासली होती आणि यूछिनने आठ दिवस.

ती कामाला होती ते औषधांचं दुकान स्टेशनच्या मागे होतं. शहरभर त्यांच्या शाखा होत्या, सगळीकडे तोच हिरवा रंग, तेच हिरवं जाकीट. सकाळी शटर अर्धं उघडलं की मॅनेजर बाओ सगळ्यांना फुटपाथवर रांगेत उभं करायचा आणि टाळ्या वाजवून घोषणा द्यायला लावायचा. समोरचा मटणाच्या शेवयांवाला रोज हसायचा, त्याला ते फुकटचं नाटक होतं. बाओ म्हणायचा, गिऱ्हाईक एक वस्तू मागायला येतं, त्याला दोन वस्तूंची गरज आहे हे त्याला माहीत नसतं, ते आपल्याला माहीत असतं. ताप उतरवायचं सिरप मागितलं की हात आपोआप डाव्या कप्प्याकडे गेला पाहिजे. डाव्या कप्प्यात पोरांच्या पुड्या. हिरवा खोका, त्यावर लाल गालांचं गुटगुटीत बाळ, आणि बाळाच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत: गोरोचन. मग वाक्य. ते वाक्य यूछिन झोपेतही बोलली असती: "सिरपने ताप उतरेल, पण मुळाशी जायला हे हवं. हे आपलं आहे, सौम्य आहे, पोराला मानवतं. दोन्ही द्या, लवकर बरं वाटेल." लोक 'आपलं' ह्या शब्दावर मान डोलावत. म्हातारी माणसं तर त्या खोक्याकडे असं बघत, की जणू गावाकडचं कोणी भेटलं. त्याच खोक्याच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, गोरोचनाच्या आधी आणखी एक नाव होतं: पॅरासिटामॉल. सिरपमध्ये होतं तेच. गोरोचन चिमूटभर, तेही कारखान्यात बनवलेलं. आठ दिवसांच्या प्रशिक्षणात चष्मेवाल्या शिक्षकाने हे एकदा सांगितलं होतं, परीक्षेत विचारलं होतं, सगळ्यांनी बरोबर लिहिलं होतं. मग बाओने दुकानात सांगितलं, "विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर गिऱ्हाइकाला कशाला गोंधळात टाकायचं?" कोणी विचारत नव्हतं. मुंगीचे पाय कोण वाचतो? ती हे विसरली होती असंही नाही. दुकानातलं माहीत असणं जाकिटाबरोबर दुकानातल्या खुंटीला अडकवायचं, एवढंच. पण काल घाईत ती जाकीट घालूनच घरी गेली होती आणि आज इथेही त्यातच आली होती. वरून कोट होता, कोटाची चेन गळ्यापर्यंत.

सासूला ह्या नोकरीचा केवढा अभिमान! गावाकडे फोनवर ती सांगायची, "आमची सून औषधातली आहे," जणू यूछिन काही शस्त्रक्रिया करत होती. नवरा, लेइ, निंगबोला साच्यांच्या कारखान्यात, वर्षातून एकदा वसंताच्या सणाला घरी येणारा. पोर सासूच्या हातात, पगार यूछिनच्या हातात, अशी वाटणी. ह्यातला एक खांब काढला की घर बसणार, हे तिघांनाही माहीत होतं आणि म्हणून कोणी बोलत नव्हतं. ताप आला त्या पहिल्या दिवशी लेइने फोनवर आवाज पाठवला होता, मागे यंत्राचा खडखडाट, "आईने मला वाढवलंय, मी मेलो का? तू फार शहाणपणा करू नको." यूछिनने तो दोनदा ऐकला आणि पुसून टाकला. सासू वाईट होती असं नव्हे. वाईट असती तर सोपं होतं. ती पोरीसाठी पहाटे उठून ज्वारीच्या पिठाची पेज करायची, पेजेवरची साय पोरीला द्यायची, स्वतः खालचं पाणी प्यायची. हॉस्पिटलच्या पिशवीतल्या काढ्यावर मात्र तिचा विश्वास नव्हता. "प्लॅस्टिकमधला काढा म्हणजे बाटलीतलं आईचं दूध," म्हणायची आणि घरी मातीच्या भांड्यात पुन्हा वेगळं काहीतरी उकळायची, नाशपाती आणि कसल्याशा बिया. उकळून झालं की चोथा घेऊन खाली जायची आणि रस्त्यावर ओतायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांनी दुखणं निघून जावं म्हणून. गावात चव्हाटा होता. इथे सोसायटीचं पार्किंग होतं. परवा वॉचमन ओरडला होता, "ओ आजी, ही गाडी कोणाची आहे ते तरी बघा!" आणि सासू शांतपणे भांडं झटकत म्हणाली होती, "ज्याची असेल त्याला होऊ दे खोकला. गाडी घेण्याएवढा आहे तर औषधही घेईल." यूछिन गॅलरीतून बघत होती आणि तिला हसू आलं होतं. लहानपणी आईने तिला असा चोथा ओलांडायला शिकवलं होतं. गावातल्या वाटेवर कुठेही तो तपकिरी ढिगारा दिसला की उडी मारायची, पाय पडला तर दुसऱ्याचं दुखणं आपल्या घरी. शाळेपर्यंत ती उड्या मारत जायची. आज वाटतं, आयुष्यभर तेच केलं. दुसऱ्याच्या दुखण्यावरून उडी मारली आणि पुढे गेले. मोठी झाल्यावर त्याचा पगारही मिळायला लागला.

"नर्स," तिने हाक मारली. मग पुन्हा, मोठ्याने.

नर्सने कानात थर्मामीटर धरला, बघितला, झटकला आणि दुसऱ्या कानात धरला. मग ती गेली, आणि हॉलमध्ये नर्स चालत असतात तशी नाही, पळत गेली. सासू म्हणाली, "काय झालं तिला? ताप नाही म्हणून घाबरली की काय? ह्यांना पोर बरी झाली तरी चालत नाही." तेवढ्यात शिंगबाई आल्या. बुटक्या, केस पिनेने कसेतरी अडकवलेले, घसा बसलेला. त्यांनी पहिली गोष्ट केली ती रजई ओढून काढली. सासूने "अगंबाई" म्हणून ती परत पकडली आणि क्षणभर दोघी रजई ओढत राहिल्या.

"आजी, सोडा. हे काय पोर उकडताय का? किती घाम गेलाय हिच्या अंगातून! पस्तीस आहे पस्तीस, सदतीस असायला हवं. मीमी, ए मीमी, डोळे उघड बेटा. साखरेचं पाणी आणा कोणीतरी. आई कोण? तुम्ही? रात्रीपासून काय काय दिलंय?"

"सिरप," यूछिन म्हणाली. "रात्री झोपताना आणि पहाटे. तुम्ही सांगितलं तेवढंच."

"एवढ्याने पस्तीस होत नाही. आणखी काय?"

"काही नाही," सासू म्हणाली. "औषध म्हणून काही नाही."

शिंगबाईंनी मान वर केली. बहुतेक हे वाक्य त्यांनी पुष्कळदा ऐकलं असावं. "औषध म्हणून नाही. मग काय म्हणून?"

"म्हणजे आपल्या त्या पुड्या. गोरोचनाच्या. त्या काय औषध आहेत? आपल्याच आहेत."

"किती?"

"दिल्या असतील एक-दोन."

"कधी?"

"पोर रडली तेव्हा. अंग तापलं तेव्हा. डॉक्टर, त्याने काही होत नाही, ते सौम्य असतं."

"कोण म्हणालं सौम्य असतं?" शिंगबाईंचा बसलेला घसा फाटला. "सिरपमध्ये जे आहे तेच त्यात आहे! तेच! तुम्ही एकच औषध दोन्ही हातांनी भरवलंय पोरीला. लिव्हरवर जातं ते, माहितीये? कोणी सांगितलं तुम्हाला दोन्ही एकदम द्यायला?"

सासूने यूछिनकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, आणि ते न बघणं यूछिनला गालावर जाणवलं. सासू सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाली, "दुकानात एक बाई होती. ती म्हणाली."

"कुठल्या दुकानात?"

"असेल कुठलं. रस्त्यावरचं. तोंड लक्षात नाही."

म्हणजे वाचवलं. ह्या बाईने, जिला यूछिन सहा वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत आली, तिने भर हॉलमध्ये स्वतःला अडाणी ठरवून घेतलं आणि सुनेवर पांघरूण घातलं. आता गप्प बसायचं एवढंच काम होतं, आणि गप्प बसण्यात यूछिन तरबेज होती, त्यावर तर दुकान चाललं होतं. कोणी तिला विचारलं नव्हतं. बाओ म्हणतो तसं, नाही विचारलं तर कशाला गोंधळ. पण शिंगबाई नर्सला सांगत होत्या, "एक-दोन म्हणतात म्हणजे पाच-सहा धरा, की आठ धरू? वजन सोळा किलो. उतारा सुरू करायचा की थांबायचं?" त्या अंदाज करत होत्या. तिच्या पोरीच्या लिव्हरचा अंदाज. आणि आकडा यूछिनच्या डोक्यात होता. मंगळवारी तिने स्वतः खोका आणला होता, कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळतो तो, सर्दीला असू दे म्हणून सासूच्या हातात दिला होता, आणि सवयीने, स्वयंपाकघरात उभी राहून, चप्पलही न काढता, तेच वाक्य म्हटलं होतं. आपलं आहे. सौम्य आहे. मानवतं. सासूला! आज पहाटे पेजेचं भांडं उतरवताना तो खोका दिसला. हलका लागला. उघडून बघितला. दहातल्या दोन उरल्या होत्या. तिने झाकण लावलं. लावलं आणि भांडं उतरवलं, पोरीला कपडे घातले, सिरपचा घोट मोजून, रेघेवर डोळा ठेवून, अगदी काटेकोर पाजला आणि निघाली. झाकण का लावलं? हे ती स्वतःला विचारत होती आणि उत्तर चोख होतं. सासूला विचारलं असतं तर सासू म्हणाली असती, तूच तर म्हणालीस. ते ऐकायचं नव्हतं. बस, एवढंच. पोरीचा जीव एका बाजूला आणि सासूकडून एक वाक्य ऐकून घेणं दुसऱ्या बाजूला, आणि ह्या बयेने झाकण लावलं.

"आठ," ती म्हणाली.

शिंगबाई वळल्या. "काय आठ?"

"आठ पुड्या. मंगळवार संध्याकाळपासून. शेवटची बहुधा आज पहाटे, सिरपच्या आधी. रात्री दोन तरी असतील."

"तुम्हाला कसं माहीत?"

"खोका मी आणला." मग तिला वाटलं एवढ्यावर थांबता येईल, आणि त्या थांबता येण्याचाच तिला राग आला. "त्यात काय आहे तेही मला माहीत होतं. दुकानातली बाई म्हणजे मीच. दोन्ही द्या असं मीच सांगितलं. रोज सांगते. सगळ्यांना."

शिंगबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ओरडतील असं वाटलं. पण एवढ्या पोरांत त्यांना ओरडायला फुरसत नव्हती. "मीही दिवसभर दोन्ही देते," त्या हळूच म्हणाल्या, "पण मी बघून देते." आणि लगेच नर्सकडे, "रक्त घे. लिव्हर आणि औषधाची पातळी, दोन्ही. आकडा मिळालाय, आता निदान अंधारात नाही."

सुई टोचली तेव्हा मीमी रडली. बारीक, मांजराच्या पिल्लासारखी. चार दिवसांत तिच्या रडण्याने यूछिनला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवर पिवळ्या जाकिटातला एक बाप बसला होता, जेवणाचे डबे पोचवणारा, हेल्मेट पायापाशी, मांडीवर झोपलेला मुलगा. तो बराच वेळ चुळबुळत होता. शेवटी त्याने खिशातून हिरवा खोका काढला. तेच गुटगुटीत बाळ. "ताई, मलापण परवा असंच दिलं. सिरप आणि हे. आता काय करू?"

"किती दिल्यात?"

"काल दोन. आज अजून नाही."

"देऊ नका. डॉक्टरांना आत्ता जाऊन दाखवा."

"ती दुकानवाली तर म्हणाली..." तो थांबला. "तुम्ही कुठल्या दुकानात?"

तिने सांगितलं. स्टेशनच्या मागे, शेवयांवाल्यासमोर. त्याने खोक्याकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आठवायचा प्रयत्न करत. ती होती की दुसरी कोणी होती, हे त्याला आठवेना. हिरव्या जाकिटात सगळ्या सारख्याच दिसतात. यूछिनला मात्र आपल्यालाही तो आठवत नाही ह्याची लाज वाटली. तो शिवी देईल म्हणून ती तयार होऊन बसली. त्याने दिली नाही. मुलाला खांद्यावर टाकलं, सलाईनची बाटली दुसऱ्या हाताने उंच धरली आणि डॉक्टरांच्या खोलीकडे गेला. परत आला तेव्हा लांबच्या खुर्चीवर बसला.

"झालं समाधान?" सासू पुटपुटली. "तुला कोणी विचारलं होतं का? मी सांगितलं होतं ना, रस्त्यावरची बाई. मला काय, म्हातारीला चार शब्द ऐकवले असते आणि गेली असती ती. आता तो तुझ्या दुकानात जाऊन तमाशा करेल. नोकरी गेली तर?"

"आकडा लागत होता, आई."

"आकडा मला विचारायचा!"

"तुम्हाला माहीत होता?"

सासू म्हणाली, "मी काय मोजून देते? पोर कण्हली की हात जातो." तिने आपले हात मांडीवर उलटे करून बघितले, दुसऱ्याचे असल्यासारखे. "तू म्हणालीस सौम्य आहे. मला वाटलं, औषधातली आहे, हिला कळतं." ते वाक्य आलं. ज्याच्यासाठी झाकण लावलं होतं ते. यूछिनने ते ऐकलं, पूर्ण ऐकलं, आणि बघितलं तर आपण अजून खुर्चीवरच आहोत. "मला कळत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला दिलं तेव्हाही कळत होतं." सासूने पिशवीतून थर्मास काढला, झाकणात साखरेचं पाणी ओतलं, फुंकर घालून मीमीच्या ओठांना लावलं. पोर दोन घोट प्यायली. मग सासूने तेच झाकण पुन्हा भरून यूछिनच्या हातात दिलं. "पी. तोंड बघ तुझं."

दुपारी रिपोर्ट आले. शिंगबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. लिव्हरचे आकडे वाढलेत, पण थोडे. उताऱ्याची गरज नाही. उद्या सकाळी परत रक्त, परवा परत. अँटिबायोटिक चालू. काढा चालू, तोही इथलाच. "आणि तापाचं काही द्यायचं नाही. काहीही. ताप आला तरी रात्रीपर्यंत नाही. मध्ये एकोणचाळीसच्या वर गेला तर मला हाक मारा, मी बघेन. आजी, कळलं ना? पुडी नाही, सिरप नाही, लेप नाही, रजई नाही."

"मग करायचं काय?" सासूने खरंच विचारलं.

"बसायचं."

त्या बसल्या. खिडकीबाहेर चिनाराची पानं धुळीने जड झाली होती. बाओचे फोन येत होते, खिशात थरथरत होते, यूछिनने फोन बंद केला. तिच्या मनात राग उभा राहत होता, बाओवर, त्या मुंगीच्या अक्षरांवर, आठ दिवसांत माणसाला औषधातलं करणाऱ्यांवर, आणि प्रत्येक वेळी तो फिरून स्वयंपाकघरातल्या चप्पल घातलेल्या बाईपाशी येत होता. उद्या दुकानात गेलं तर डावा कप्पा तिथेच असेल. हात आपोआप जाईल. जायचंच नाही असं म्हणावं तर काढ्याच्या पिशव्या, सलाईन, खोलीचं भाडं, हे सगळं कशातून? जायचं आणि तोंड उघडायचं असं म्हणावं तर बाओ आठवडाभरही ठेवणार नाही. ठेवू नये. हे तिला ठरवता येत नव्हतं आणि आज ठरवायचंही नव्हतं. तिने तळवा मीमीच्या कपाळावर ठेवला होता आणि तो तिथेच होता.

तळव्याखाली काहीतरी बदललं. आधी तिला वाटलं, आपल्याच हाताची ऊब. तिने दुसरा हात ठेवला. मग सासूचा हात ओढून ठेवला. कपाळ कोमट होतं. थोड्या वेळाने कोमटाच्या पलीकडे. मीमीच्या गालांवर हळूहळू लाली चढली, ओठ सुकले, डोळे उघडले आणि ती चिडून म्हणाली, "गरम होतंय. मला पेज हवी."

"आला," सासू कुजबुजली. "परत आला." ह्या वेळी तिने मांडीवर थाप मारली नाही. सवयीने तिचा हात पिशवीकडे निघाला, अर्ध्या वाटेत अडखळला. यूछिनने तो धरला. म्हातारीची बोटं खरखरीत होती. सोडवून घेतली नाहीत तिने. मीमी तापत होती, आपल्या आपण, आतून, आणि दोन बायका तिच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या हातांनी बसून ते तापणं बघत होत्या.